चि. ताईस, गाडी घेण्याआधी

शहापूर, बेळगाव

चि. ताई हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू एका दमात तीन गाड्या सांगितल्यास आणि मी नुसता हं हं करत राहिलो. तुला वाटलं असेल, बाबांना पटलेलं नाही. तसं काही नाही. गाडी घेच. खानापुरातून शाळेला आणि परत, रोजचे चाळीसेक किलोमीटर तू स्कूटीवर करतेस. जांबोटीकडचा पाऊस समोरून तोंडावर येतो, आणि पोचल्याचा तुझा मेसेज येईपर्यंत तुझी आई देवापुढून उठत नाही. दोन पावसाळे मी हे बघतोय. फोनवर सांगायला गेलं की निम्मं राहून जातं, म्हणून लिहायला बसलो. गाडी बघायला जाशील तेव्हा हा कागद पर्समध्ये असू दे.

आधी पैशांचं. भिशीचे, तुझ्या पगारातले आणि जावईबापूंनी सोसायटीतून काढायचे म्हटलेले मिळून तीन लाख होतात, आणि तुम्ही बघताय त्या तिन्ही गाड्या दोन ऐंशी, दोन नव्वदच्या. याच विचाराने मला रात्री झोप लागली नाही. तीन लाख हातात असतील तर गाडी सव्वादोनची बघ. वरचे पाऊण लाखही गाडीचेच, पण ते मालकाच्या हातात जाता कामा नयेत. नावावर करायचा खर्च, इन्शुरन्स, टायर, बॅटरी आणि पहिल्याच महिन्यात मेस्त्रीकडे होणारं मोठं काम, हे सगळं त्यातून व्हायचं आहे.

तुला आपली ओम्नी आठवत असेल. २००९ मध्ये मी २००१ चं मॉडेल नव्वद हजारांना घेतलं. ओळखीच्या माणसाकडून घेतली म्हणून फार तपासलीही नाही. पीएफवर कर्ज काढलं होतं, आणि गाडी दारात आली त्या दिवशी माझ्याकडे दोन हजार रुपये उरले होते. आठवड्याने मेस्त्रीने बघून सांगितलं, रेडिएटरचा पाइप फुगलाय, पाइप आणि कूलंट बदलून घ्या, अठराशे होतील. मी म्हटलं, पुढच्या पगाराला बघू. गणपती झाल्यावर आपण चोर्ल्यातून गोव्याला निघालो. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. घाटात अर्ध्यावर तुझी आई म्हणाली, सीट फार तापलीय हो. मी तापमानाच्या काट्याकडे बघितलं तर तो लाल रेघेच्याही वर गेलेला. थांबवली तोवर सीटखालून वाफ यायला लागली होती. तू सहावीत होतीस, धाकट्याला मांडीवर घेऊन त्या पावसात दगडावर बसलीस आणि तासभर एका शब्दाने कुरकुरली नाहीस. मला ते अजून जसंच्या तसं दिसतं.

गाडी टेम्पोला बांधून उद्यमबागेत आणली. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण असलेलं हेड यांच्यामधलं पॅकिंग, गेलं होतं आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून वाकलं होतं. दुसऱ्यांच्या इंजिनांचं बोरिंग आणि हेड फेसिंग करण्यात माझा जन्म गेला. त्या दिवशी आमच्याच वर्कशॉपात स्वतःच्या गाडीच्या हेडवर पट्टी आडवी ठेवली, तर मधोमध खालून उजेड दिसत होता. अकरा हजार लागले आणि ते तुझ्या आत्याकडून आणावे लागले. माझं गाडीचं ज्ञान कमी नव्हतं गं, त्या महिन्यात खिशात अठराशे रुपये नव्हते. तुझ्यावर ती वेळ यायला नको, एवढ्यासाठी हे सगळं लिहितोय.

आता कोल्हापूरच्या मावशीने सुचवलेली वॅगनआर. चाळीस हजारांनी स्वस्त आहे, मावशीच्या शेजाऱ्यांची आहे, सगळं खरं. पण ती एमएच ०९ आहे. आपले निम्मे पाहुणे निपाणीच्या पलीकडे, लग्न-बारशाला आपण महिन्याला कोगनोळीचा टोल ओलांडतो, म्हणून आपल्याला ते परकं राज्य वाटत नाही. कायद्याला वाटतं. बाहेरच्या राज्याची गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की इथला नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी कोल्हापूरच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), मग इथे कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स, मग केए २२. टॅक्स गाडीच्या मूळ किमतीवरून आणि वयावरून ठरतो, आणि आपल्याकडे तो हलका नाही. तिकडे भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी पुन्हा तिकडेच खेटे. चाळीस हजारांतलं फारसं काही उरणार नाही, आणि तुझ्या रजा जातील त्या वेगळ्याच. बेळगावची २२, चिक्कोडीची २३, बैलहोंगलची २४, गोकाकची ४९, यातलीच बघ. मावशीला मी समजावतो, तू वाईट वाटून घेऊ नको.

गोव्याच्या गाडीचा मोहही नको. वरून चकचकीत असते, पण खाऱ्या हवेने खालचा पत्रा खाल्लेला असू शकतो.

डिझेल नको. तुझ्या सहकारी सरांची स्विफ्ट चांगली असेल, पण इंजेक्टर किंवा टर्बोचं काम निघालं तर तुझे राखलेले पाऊण लाख एका फटक्यात अर्धे होतील, आणि तुझं चालणं काही तेवढं नाही. पेट्रोलची वॅगनआर किंवा अल्टो के१० घे. त्यांच्या के-सिरीज इंजिनाला टायमिंग चेन असते, ती बेल्टसारखी ठरावीक काळाने बदलावी लागत नाही. जुन्या अल्टो ८०० ला बेल्ट असतो, ती घेतलीस तर बेल्ट कधी बदलला ते विचार, बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून चाल. माझं मन वॅगनआरकडे आहे. सीट उंच असते, तुझ्या सासूबाईंना गुडघे न वाकवता बसता येईल. आणि तिचा पार्ट खानापुरातही मिळतो.

मॉडेल २०१४ च्या अलीकडचं बघ. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. पुढे पाच वर्षांसाठी वाढवता येतं, पण त्याची फी २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली, शिवाय गाडी पासिंगला न्यायची. २०११-१२ ची गाडी स्वस्त का मिळते, त्याचं हे एक कारण आहे.

बघायला सकाळीच जा आणि मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेव, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. बॉनेटवर हात ठेवून बघ. गरम लागलं तर गाडी आधी चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड इंजिनाचा दोष तुला दिसणार नाही. ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरव. काळं-तपकिरी तेल ठीक. बोटाला दह्यासारखं पांढुरकं लागलं तर पाणी तेलात मिसळतंय, तिथूनच नमस्कार करून ये. चालू केल्यावर जावईबापूंना मागे उभं कर. निळा धूर म्हणजे इंजिन तेल खातंय. सकाळच्या गारव्यात थोडी पांढरी वाफ दिसते, ती गाडी तापली की थांबली पाहिजे.

आपल्या फ्रिजवरचं चुंबक फडक्यात गुंडाळून घेऊन जा. दारांवर, मडगार्डवर, छपराच्या खांबांवर लावून बघ. पत्र्याला ते पटकन धरतं. जिथे धरत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. दारावर असली तर भाव कमी कर. खांबावर असली तर गाडी सोड, ती मोठ्या अपघातातून आलेली आहे. बंपर प्लास्टिकचा, तिथे चुंबक चालत नाही. दाराचं रबर हाताने ओढलं की निघतं. त्याच्या आत कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसतात, एका बाजूला ते नसले तर तो भाग नंतर जोडलेला.

आपल्या भागात पुराची गाडी हा मोठा धोका आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापूर, सांगली, निपाणी, चिक्कोडीकडे किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या, ते आपण डोळ्यांनी बघितलंय. त्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. चालतात, आणि मग वायरिंगचा एकेक जोड गंजत जातो. कुठला वायरमन ते कायमचं नीट करून देऊ शकत नाही. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून बघ, आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ राहते. सीट पुढे-मागे सरकवून खालच्या पट्ट्यांवर गंज बघ. डिकीतली स्टेपनी उचलून तो खड्डा बघ. आत शिरल्यावर सेंटचा फार वास आला तर काचा लावून पाच मिनिटं नुसती बस. कुबट वास लपत नाही.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर ते तुला धरणार नाही. टायरचा खर्च किमतीतून वजा करून माग.

चालवताना रेडिओ आणि एसी दोन्ही बंद ठेव. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरव, टक-टक आवाज आला तर पुढच्या चाकांचे जॉइंट गेलेत. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग जरा सैल धर, गाडी एका बाजूला ओढता कामा नये. निदान वीस मिनिटं चालव आणि काट्यावर नजर ठेव. का, ते तुला सांगायला नको.

कागद. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर घालून मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, इन्शुरन्स आणि दंड बाकी आहेत का ते बघ. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नको. चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळव. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घे, आणि नंतर करू म्हणून ठेवू नको. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. इन्शुरन्सही चौदा दिवसांत नावावर कर. मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल. तिथले कन्नड कागद तू वाचतेस, मला ते जमलं नाही. एजंटाने पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर काय लिहिलंय ते वाचूनच सही कर.

गाडी घरी आली की मागचा मालक काय सांगतो ते विसरून ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल सगळं नवीन घाल, आणि तारीख-किलोमीटर वहीत लिही. तुझी आई घरखर्चाची लिहिते तशी वही. पुढे ऑइल दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी होईल तेव्हा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, ते हवेतली ओल ओढून घेतं. कूलंट कमी झालं तर नळाचं पाणी ओतू नको, आतून गंजतं. वायपरचे रबर मे महिन्यातच बदल. पावसात बॉनेटखाली उंदीर शिरून वायरी कुरतडतात. मी निपाणीच्या तंबाखूची पुरचुंडी बांधून ठेवत असे, आमच्या ओम्नीत पुन्हा उंदीर दिसला नाही.

रोज गाडी नेलीस तर महिन्याला हजार किलोमीटर होतात. लिटरला अठरा दिले तरी पंचावन्न लिटर, आणि पेट्रोल शंभराच्या वर आहे. म्हणजे साडेपाच-पावणेसहा हजार. ते झेपत नसेल तर पावसाचे महिने गाडी, एरवी स्कूटी. फक्त आठवड्यातून एकदा तरी गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आण, नाहीतर बॅटरी बसते.

आणि हे नीट वाच. रस्त्यावरून किंवा पुलावरून पाणी जात असेल तर गाडी घालायची नाही, शाळेला उशीर होऊ दे. चुकून पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा सेल्फ मारू नको. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असलं तर ते दबत नाही, पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. असे वाकलेले रॉड मी कितीतरी हातात धरलेत. उतर, बाजूला हो, मला फोन कर. इंजिन मी बघून घेईन.

टायरसाठी माझ्याकडे तीस हजार आहेत. नको म्हणू नको. ते मी तुझ्या नावाने वेगळे ठेवलेत आणि आईला माहीत आहे.

वडगावात एक २०१५ ची वॅगनआर आहे, केए २२, एकाच मालकाची, दोन तीस म्हणतोय. रविवारी सातला बघायला येतो असं सांगून ठेवलंय आणि चालू करू नका हेही सांगितलंय. तुम्ही साडेसहापर्यंत घरी या, चहा घेऊन निघू. टॉर्च आणि चुंबक मी घेतो, पण झाकण तूच उघडून बघायचं.

सासूबाईंना नमस्कार सांग. छोटीला पापा.

तुझे,
बाबा