आधी तापमान, मग ताकद

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
१२ ऑक्टोबर

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार.

जुनी होंडा सिटी व्हीटेक घेतलीस हे ऐकून इतका आनंद झाला की काय सांगू! जानेवारीत ती चेन्नईच्या ट्रॅकवर न्यायची म्हणतोस, तेही चांगलंच. पण एक्झॉस्ट कुठला, एअर फिल्टर कुठला, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) रीमॅप करून घेऊ का, हे सगळं तू फोनवर एका दमात विचारलंस आणि मला एका वाक्यात उत्तर देता येईना. म्हणून हे पत्र. शेवटी तुझ्याकडे एक कामही आहे, तुझ्या व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर होण्यासारखं.

माझी गाडी तुला फोटोंमधून माहीत आहेच. २००३ सालची माझदा मियाटा, म्हणजे एमएक्स-५ ची दुसरी पिढी. १.८ लिटरचं इंजिन, १४२ हॉर्सपॉवर, वजन साधारण १०८० किलो, रिअर व्हील ड्राइव्ह आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. आजकालच्या इथल्या बहुतेक फॅमिली एसयूव्हींची ताकद याहून जास्त असते. तरी मी तिच्या ताकदीला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. ट्रॅकवरची गाडी म्हणजे सगळा उष्णतेचा हिशेब असतो, ही माझी पक्की खात्री झाली आहे. गाडी जोरात पळवणं कुणालाही जमतं. वीस मिनिटं सलग पूर्ण दमाने पळवताना तयार होणारी उष्णता बाहेर कशी काढायची, हा खरा प्रश्न. इंजिनाची ताकद वाढवणं म्हणजे तोच प्रश्न आणखी मोठा करून घेणं. फाउंड्रीवाल्यांच्या गावात राहणाऱ्याला हे जास्त समजावून सांगायला नको.

ब्रेकपासून सुरू करतो. मी आणि गाडी मिळून साधारण ११५० किलो. सरळ पट्ट्याच्या शेवटी १६० चा वेग वळणासाठी ८० वर आणायचा, तर सुमारे ८५० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. पावणेतीन लिटर गार पाणी उकळीला आणायला जेवढी लागते तेवढी, आणि तीही अडीच-तीन सेकंदांत. त्यातली दोन-तृतीयांशाहून जास्त पुढच्या दोन डिस्कवर जाते. पुढच्या वळणाला पुन्हा तेच, आणि असं वीस मिनिटं. रस्त्यावर, घाटात उतरतानासुद्धा, ब्रेकला असा मार कधी बसत नाही. म्हणून रस्त्यावर उत्तम वाटणारे ब्रेक पॅड (डिस्कला घासून धरणारे ठोकळे) ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या लॅपला हात टेकतात.

ब्रेक दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी जातो, हे पायाला ओळखता आलं पाहिजे. पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापला तर पेडल घट्टच राहतं, पण गाडी थांबत नाही. कितीही दाबा, डिस्कला धरच बसत नाही. फ्लुइड, म्हणजे ब्रेकचं तेल उकळलं तर मात्र पेडल मऊ होऊन खाली जातं, कारण कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) वाफेचे बुडबुडे झालेले असतात आणि तुमचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यात खर्च होतो. हा दुसरा प्रकार मी इथल्या विलोज गावाजवळच्या थंडरहिल ट्रॅकवर डोळ्यांसमोर पाहिला. माझ्या पुढे एक नवीकोरी, भारी ताकदीची गाडी होती. मागच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी, १४ नंबरच्या वळणाआधी तिचे ब्रेक लाइट लागले, विझले, पुन्हा लागले. तो पेडल पंप करत होता. गाडी तशीच सरळ मातीत गेली. बाजूला मोकळं मैदान होतं म्हणून कुणाला काही झालं नाही. नंतर पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे) कळलं की फ्लुइड दोन-तीन वर्षं जुनं होतं.

हे फ्लुइड हवेतली आर्द्रता शोषून घेतं. ब्रेक फ्लुइडच्या डॉट ४ या मानकात नव्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, आणि पाणी शोषल्यावर किमान १५५. केवढी घसरण ती! कोल्हापूरचा पावसाळा तर तू पाहतोसच, हवाच चार महिने ओली. तेव्हा चेन्नईला जायच्या आधी जुनं फ्लुइड पूर्ण काढून नवं भर, बाटली सीलबंदच घे आणि उरलेली पुढच्या वर्षासाठी ठेवू नकोस. मी मोट्युल आरबीएफ ६०० वापरतो. कोरड्या अवस्थेत त्याचा उत्कलनबिंदू ३१२ अंश. सगळ्या मॉडिफिकेशन्समधली ही सर्वांत स्वस्त, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची.

डिस्क माझ्या मूळ मापाच्याच आहेत. मोठे कॅलिपर बसवायचा मोह मलाही होतो, पण आधी तापमान मोजावं. डिस्कच्या कडेला तीन रंगांचे ठिपके लावायचे. हिरवा ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला रंग बदलतो. सेशन झालं की कुठला ठिपका उरला ते पाहायचं आणि त्यावरून पॅड निवडायचा. माझा हिरवा बदलतो, नारिंगी टिकतो. म्हणजे आहे त्या डिस्कवर भागतंय, खर्च कशाला?

आता इंजिनाची उष्णता. या मियाटाच्या इंजिनाची कुळकथा तुला आवडेल. हे बी सिरीजचं इंजिन मुळात ३२३ सारख्या, इंजिन आडवं बसवलेल्या गाड्यांसाठी बनलेलं. त्यात कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) पुढून शिरायचं, चारही सिलिंडरांवरून जायचं आणि हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागच्या टोकाच्या थर्मोस्टॅटमधून (तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेतून) बाहेर पडायचं. मियाटात तेच इंजिन गाडीच्या लांबीत उभं बसवलं, तर मागचं टोक फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) टेकायला आलं. मग माझदाने थर्मोस्टॅट पुढे आणला. त्यामुळे कूलंट पुढून शिरतं आणि बहुतेक सगळं पुढूनच बाहेर पडतं. मागच्या टोकाला फक्त हीटरच्या नळीतून जाईल तेवढाच प्रवाह. परिणामी चौथा सिलिंडर पहिल्यापेक्षा जास्त तापतो. रस्त्यावर हे कधी जाणवतही नाही. उन्हाळ्यात विलोजला पारा चाळिशीपार गेलेला असताना थंडरहिलवर सलग लॅप मारायला लागलं की मग जाणवतं.

आणि गाडीचा स्वतःचा काटा यातलं काही सांगत नाही! इंजिन गरम झाल्यावर तापमानाचा काटा मधोमध येऊन बसतो आणि बऱ्याच मोठ्या टप्प्यात तिथून हलतच नाही. तो हलायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. ऑइल प्रेशरचा काटाही असाच. १९९५ पासून त्यामागे खरा सेन्सर नाही, नुसता चालू-बंद स्विच आहे. गिऱ्हाइकाला काळजी वाटू नये म्हणून काटा स्थिर ठेवायचा, हे मला मुळीच पटत नाही. मी दोन्हींसाठी खरे सेन्सर आणि वेगळे गेज बसवले. तुझ्या सिटीतही कूलंटचं खरं तापमान अंशांत दिसेल अशी सोय पहिल्यांदा कर; जुन्या गाडीत दुसऱ्या कुठल्याही पैशातून इतकी माहिती मिळत नाही.

रेडिएटरबद्दल थोडं. जुन्या रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीचा रंग बघ. काळ्याची तपकिरी-हिरवट झाली असेल तर तिचं आयुष्य संपत आलंय. मी पूर्ण अॅल्युमिनियमचा बसवला. पण त्याहून जास्त फरक पडला तो बंपर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटी फोमने बुजवून. हवेला जाळीतून जायला कष्ट पडतात, बाजूने वाट दिसली की ती तिकडूनच पळते. गाडीच्या पोटाखालचं प्लास्टिकचं झाकण कित्येक जण तुटलं म्हणून काढून टाकतात. ते टाकू नकोस, हवेला रेडिएटरकडे वळवायचं काम तेच करतं.

टायरचंही तापमानच. मी २०० ट्रेडवेअरचे (मऊ, चिकट रबराचे), २०५/५० आर १५ मापाचे टायर वापरतो. सकाळी थंड असताना २६-२७ पीएसआय भरायचे, सेशननंतर ते ३२-३३ वर आलेले असतात. गाडी पिटमध्ये आली की लगेच पायरोमीटरची (तापमान मोजणाऱ्या यंत्राची) सुई टायरच्या आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला खुपसून आकडे लिहून घ्यायचे. बाहेरची कड फार तापत असेल तर वळणावर टायर त्या कडेवर उलटतोय, म्हणजे कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकवण्याचा कोन) कमी पडतोय. मी पुढे उणे अडीच अंशांवर आणला आणि टायर सारखे झिजायला लागले. चिकट टायर घातलेस की पुढच्या व्हील बेअरिंगवर जादा भार येतो, तेव्हा दर वेळी जॅक लावून चाक वर-खाली हलवून खेळ आहे का ते पाहा. नटसुद्धा पान्याने अंदाजे न आवळता टॉर्क रेंचने, आणि प्रत्येक सेशनआधी.

सुरक्षेवर मात्र तडजोड नको. माझी गाडी उघडी, म्हणून रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पोलादी कमान) सगळ्यांत आधी बसवला. बारच्या माथ्यापासून विंडशील्डच्या वरच्या कडेपर्यंत काठी आडवी धरायची आणि हेल्मेट घातलेलं डोकं तिच्याखाली राहिलं पाहिजे. माझं राहत नव्हतं, तेव्हा सीटचा फोम तासून बसायची जागा खाली नेली. तुला छप्पर आहे, पण एक ऐक: रेसिंग हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे) एकटा बसवू नकोस. योग्य सीट आणि मागे रोल बार असेल तरच तो घ्यायचा. नाहीतर छप्पर दबलं तर अंग सरळ जखडलेलं राहतं, बाजूला झुकायलाही वाव नाही. तोवर मूळचा सीटबेल्ट बरा. हेल्मेट मोटारस्पोर्टचं, स्नेल एसए प्रमाणित घे. मोटारसायकलच्या हेल्मेटला आगीची चाचणी नसते.

इंजिनाला हात न लावण्याची इथे आणखी कारणं आहेत. कॅलिफोर्नियात गाडीची दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी होते, आणि इंजिनावरच्या बहुतेक पार्ट्सना राज्याच्या मंजुरीचा क्रमांक लागतो. इथल्या लागूना सेका ट्रॅकवर तर बहुतेक दिवशी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल. ट्रॅकच्या कडेला मोजतात आणि ओलांडली की काळा झेंडा, म्हणजे ट्रॅकबाहेर. म्हणून माझा एक्झॉस्ट मूळचाच, शांत. तुलाही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीच्या वेळच्या तपशिलांपासून गाडी बदलता येत नाही, तेव्हा रस्त्यावर चालवायची असेल तर परत मूळ रूपात आणता येईल तेवढंच कर. विम्याचे कागदही नीट वाच. नेहमीच्या पॉलिसीत ट्रॅकवरचं नुकसान सहसा धरत नाहीत.

आणि कमी ताकदीचं सुख काय ते लागूनाच्या कॉर्कस्क्रू नावाच्या वळणाला कळतं. आठ नंबरच्या वळणावर चढ चढून येतोस, पुढचा रस्ता दिसत नाही, आणि मग तो डावीकडून उजवीकडे वळत साधारण १८ मीटर खाली उतरतो. सपाट जागेची एवढी सोय नाही की गाडी सावरू. जे करायचं ते वर, ब्रेक लावतानाच केलेलं असावं लागतं. १४२ घोड्यांच्या गाडीत वळणात गमावलेला वेगाचा प्रत्येक किलोमीटर पुढच्या सरळ पट्ट्यावर लख्ख दिसतो, कारण तो भरून काढायला इंजिन येत नाही. मला यातूनच शिकायला मिळालं आणि अजून मिळतंय. तुझी व्हीटेकही त्याच जातीची आहे रे, हलकी आणि वरच्या आरपीएमला जीव असलेली. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर, त्या ३.७ किलोमीटरमध्ये ती तुला भरपूर काम देईल.

सेशनचा शेवटचा लॅप ब्रेक न लावता सावकाश मार, म्हणजे सगळं वाऱ्याने निवेल. पॅडॉकमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नकोस, तापलेला ब्रेक एकाच जागी चिकटून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेव, चाकामागे लाकडी गुटका लाव आणि बॉनेट उघड.

आता ते काम. येत्या हिवाळ्यात मला थर्मोस्टॅट पुन्हा हेडच्या मागे न्यायचाय, म्हणजे मूळ रचनेसारखं कूलंट चौथ्या सिलिंडरवरून जाऊनच बाहेर पडेल. त्यासाठी मागच्या तोंडावर एक अॅल्युमिनियमचा स्पेसर लागतो. इथे तयार मिळतो, पण मला तो तुझ्या शिरोलीच्या शॉपमधला हवाय. ड्रॉइंग सोबत जोडलंय. ६०६१ या अॅल्युमिनियमचा तुकडा, दोन बोल्टची भोकं, बाजूला सेन्सरसाठी एक आटे पाडलेलं भोक. गॅस्केटच्या दोन्ही बाजू एका सेटिंगमध्ये घेता आल्या तर उत्तम, समांतरपणा महत्त्वाचा आहे. भिंतीची जाडी तुला कमी वाटली तर बदल आणि मला कळव. डिसेंबरात आई-बाबा कोल्हापुरातून इकडे येताहेत, त्यांच्या सामानात सहज येईल.

आणि सिटीच्या पुढच्या डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजून पाठव, दोन्ही बाजूंची. पॅड कुठला घ्यायचा ते त्यावरून ठरवू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
नितीन