लहान चिंबोरी खाडीतच राहू द्या

महोदय,

बाजारात हल्ली मुठीत मावतील एवढ्या चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, सर्रास वाट्यावर विकायला असतात. मोठी, जड चिंबोरी व्यापारी काठावरूनच वजनावर उचलतो आणि ती हॉटेलांत किंवा विमानाने परदेशी जाते. मागे उरतात ती पिल्लं.

घारापुरी, वसई खाडीतलं पाणजू, राजापूर तालुक्यातलं जुवे ही चहूबाजूंनी पाणी असलेली गावं. अशा ठिकाणी ज्यांच्याकडे इंजिनाची बोट नाही, त्यांना कांदळवनात (खारफुटीच्या जंगलात) फग, म्हणजे आमिष लावलेला सापळा, टाकून किंवा ओहोटीला बिळात आकडी घालून मिळालेल्या चिंबोरीचा मोठा आधार असतो. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे. खाडीतले फग तेव्हाही पडतात, आणि गरीब घरांचा विचार करता ते पडू द्यावेत असंच मला वाटतं. म्हणून सरसकट बंदी नको, पण मापाचा नियम हवा.

तो इथे पाळणं सोपं आहे. जाळ्यातून काढलेला मासा बहुधा मेलेला असतो. फगातली चिंबोरी मात्र जिवंत असते, पाण्यात सोडली की चिखलात शिरते. फिजी बेटांवर पाठीची रुंदी १२.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असलेली चिंबोरी पकडता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये ही मर्यादा १५ सेंटिमीटर आहे आणि मादी तर पकडायचीच नाही. आपल्याकडे हिरवी मोठी आणि लालसर लहान अशा दोन जाती आहेत, त्यामुळे माप इथल्या कोळी-आगरी मंडळींना विचारूनच ठरवावं. एकदा ठरलं की पाटीच्या काठावर खूण केली तरी काम भागेल.

खरी अडचण मादीची आहे. ती कांदळवनात वाढते, पण अंडी द्यायला खाडी सोडून समुद्राकडे जाते, आणि एका खेपेला लाखो अंडी देते. ती वाटेतच पकडली गेली तर पुढे बेटाच्या खाडीत पिल्लं यायची कुठून? अवसेच्या भरलेल्या चिंबोरीला आपण जास्त पैसे मोजतो, म्हणून ती आधी पकडली जाते. पोटाखाली अंड्यांचा झुपका दिसत असलेली मादी विकणाऱ्याने सोडावी आणि घेणाऱ्याने नाकारावी, एवढं तरी ताबडतोब व्हायला हवं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनाच्या झाडांना संरक्षण मिळालं, ही मोठी गोष्ट आहे. शासनाच्या कांदळवन संरक्षण व उपजीविका योजनेतून खेकडापालनाला अनुदानही मिळतं. माझा आक्षेप पालनाला नाही, बीजाला आहे. तळ्यात सोडायची पिल्लं खाडीतूनच गोळा केली, तर ते पालन खाडीच्या जिवावर चालतं. तमिळनाडूत सिरकाझीला राजीव गांधी मत्स्यपालन केंद्राने हॅचरीत (अंड्यांतून पिल्लं तयार करण्याच्या केंद्रात) चिंबोरीचं बीज तयार करून दाखवलं आहे. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक गटाला हॅचरीचंच बीज वापरण्याची अट घालावी.

मत्स्यव्यवसाय विभागाने पावसाळ्याआधी या बेटगावांत ग्रामसभा घेऊन माप ठरवावं. त्या सभेला फग टाकणाऱ्या आणि चिंबोरी विकणाऱ्या बायकांना आवर्जून बोलवावं, कारण कोणत्या खाडीत माल कधी आणि किती कमी झाला हे त्या रोज बघतात.

– एक वाचक, उरण