आर५१ घ्यावं की नाही: मकरंदला पत्र

प्रिय मकरंद,

तुझं पत्र मिळालं. उत्तर आधीच देतो, म्हणजे पुढचं सावकाश वाचशील: रोज कमरेला लावायला म्हणून रेमिंग्टन आर५१ पिस्तूल घेऊ नकोस. हौस म्हणून घ्यायचं असेल तर घे, पण त्यालाही काही अटी आहेत. त्या शेवटी लिहितो.

एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पण तुझं पत्र वाचताना जाणवलं, की तू नुसता भाव विचारत नाहीयेस, तुझा जीव त्या पिस्तुलात गुंतलाय. आणि तो का गुंतलाय हे मला पुरतं समजतं. अंगठ्याच्या ऑपरेशननंतर तुला कडक स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढवत नाही. रात्रपाळीहून एकटा गाडी चालवत घरी येतोस, इथे अमेरिकेत पिस्तूल बाळगायचं परमिट हातात आहे, आणि दुकानात जे पिस्तूल बघायला घ्यावं त्याची स्लाइड अर्ध्यावर अडते. अशा वेळी कोणी तरी हातात असं पिस्तूल ठेवतं, की जे सपाट आहे, गोलसर आहे, मुठीत मऊ बसतं आणि सहज मागे ओढलं जातं. वर दुकानदार म्हणतो, ‘ही दुसरी आवृत्ती आहे, पहिल्यातले दोष काढलेत.’ तुझ्या जागी कोणीही थांबला असता.

मीही त्याची दुसरी आवृत्ती हाताळली आहे. एका परिचिताचं पिस्तूल होतं, रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, त्याने मला काही मॅगझिन (गोळ्या भरायच्या डब्या) झाडू दिली. हातात बसण्याच्या बाबतीत त्याच्या तोडीचं छोटं पिस्तूल मी क्वचित पाहिलंय. नळी हाताच्या इतकी जवळ असते की धक्का मनगट वर उचलत नाही, सरळ मागे तळहातात येतो. तेव्हा तुझी आवड चुकीची आहे असं मी म्हणणार नाही.

हे श्रेय मुळात बंदुकांचा रचनाकार जॉन पेडरसनचं, कारण आर५१ त्याच्या जुन्या मॉडेल ५१ वरून बेतलंय. रेमिंग्टनचं मॉडेल ५१ बाजारात आलं १९१८ मध्ये, .३८० कॅलिबरच्या (गोळीच्या जाडीच्या) काडतुसात आणि पुढे .३२ मध्येही. विसाचं दशक संपायच्या आत त्याचं उत्पादन थांबलं, तोवर साधारण ६५,००० बनली होती. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सेनानी जनरल पॅटन यांच्याकडेही एक होतं. त्या काळातल्या कोल्ट कंपनीच्या खिशातल्या पिस्तुलांपेक्षा ते महाग पडायचं, कारण आतलं काम नाजूक होतं. ते काम नीट समजून घे. पुढे जे बिघडलं त्याचं मूळ तिथेच आहे.

साध्या ब्लोबॅक पिस्तुलात गोळी सुटताना मागे येणाऱ्या दाबाला अडवायला फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगची ताकद असते. काडतूस जितकं जोरदार, तितकी स्प्रिंग कडक. आजच्या बहुतेक ९ मिलिमीटर पिस्तुलांत जॉन ब्राउनिंग या रचनाकाराची पद्धत असते: नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकून थोड्या मागे सरकतात, मग नळी खाली झुकून सुटी होते. पेडरसनने तिसरीच वाट काढली. स्लाइडच्या पोटात त्याने वेगळा ब्रीचब्लॉक ठेवला, म्हणजे काडतुसाला मागून आधार देणारा ठोकळा. गोळी सुटली की ब्लॉक आणि स्लाइड अगदी थोडं अंतर एकत्र मागे जातात. मग ब्लॉक फ्रेममधल्या एका खांद्याला अडकून थांबतो. स्लाइड मात्र तेवढ्यात मिळालेल्या वेगावर पुढचा प्रवास एकटीच करते, आणि जाता जाता ब्लॉकला उचलून त्या खांद्यावरून सोडवते. तोवर गोळी नळीबाहेर पडलेली असते, दाब उतरलेला असतो, आणि दोघं मिळून मागे जातात. नळी जागची हलत नाही. म्हणून स्प्रिंग तिच्याभोवती बसवता येते, आणि तीही त्या मानाने मऊ चालते. तुझ्या अंगठ्याला जो दिलासा वाटला तो इथून आला.

पण हा सगळा खेळ त्या सुरुवातीच्या थोड्याशा अंतरावर चालतो. ब्लॉक किती सरकला, खांद्याचा कोन नेमका आहे का, स्लाइडमध्ये तो किती सैल बसतो, यातलं काहीही केसभर चुकलं की पिस्तूल अडखळतं. शिवाय जुनं मॉडेल .३८० चं होतं, ज्याचा कमाल दाब अमेरिकी मानकानुसार २१,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) धरतात. नव्याला पेलायचं होतं ९ मिलिमीटर, म्हणजे ३५,००० पीएसआय. रेमिंग्टनने तर ते प्लस-पी, म्हणजे जास्त दाबाच्या, काडतुसांसाठीही चालेल म्हणून विकलं, तिथे मर्यादा ३८,५०० आहे. एवढा भार वाढवायचा, सोबत फ्रेम अॅल्युमिनियमची करायची आणि किंमत सामान्य माणसाला परवडेल अशी ठेवायची, असं तिहेरी आव्हान त्यांनी अंगावर घेतलं.

२०१४ च्या जानेवारीत आर५१ जाहीर झालं तेव्हा किंमत होती ४२० डॉलर. नमुना पिस्तुलं ज्यांनी चालवली त्यांनी भरभरून कौतुक केलं. मग दुकानात माल आला आणि तक्रारी सुरू झाल्या. गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, नीट जाईना, स्लाइड पूर्ण बंद होईना, काहींची स्लाइड वाळू घातल्यासारखी खरखरत होती. सगळ्यात वाईट तक्रार अशी होती, की काही पिस्तुलं ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं तोंड, पूर्ण मिटण्याआधीच उडत होती.

ही शेवटची तक्रार बाकीच्यांसारखी नव्हे. गोळी अडकली तर तू स्लाइड ओढशील, मॅगझिन ठोकशील, पुढे जाशील. पण ब्रीच उघडा असताना काडतूस फुटलं, तर पुंगळीच्या मागच्या भागाला आधारच नसतो. पितळ फाटतं, आणि तो सगळा दाब जिथे वाट मिळेल तिथून बाहेर येतो, म्हणजे हाताकडे आणि तोंडाकडे. मकरंद, या एका मुद्द्यावर मी तुझ्याशी अजिबात तडजोड करणार नाही.

जुलै २०१४ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवून पिस्तुलं परत मागवली. त्यांनी सांगितलं की पिस्तूल असुरक्षित नाही, पण काही नग आमच्या कसोटीला उतरत नाहीत, आणि नमुन्याकडून मोठ्या उत्पादनाकडे जाताना गडबड झाली. या खुलाशाचा पहिला भाग मला पटत नाही, दुसरा पटतो. हाताने जुळवलेला नमुना आणि कारखान्यातून रोज बाहेर पडणारा नग यांतला फरक पेडरसनच्या रचनेत जितका महाग पडतो तितका क्वचितच कुठे पडत असेल. परत करणाऱ्याला नवं आर५१, दोन जादा मॅगझिन आणि एक पेटी मिळणार होती, तीही ऑक्टोबरपर्यंत. प्रत्यक्षात दुसरी आवृत्ती आली २०१६ मध्ये. पहिलं नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटमध्ये बनत होतं, दुसरं अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या नव्या कारखान्यात बनू लागलं.

इथे एक गोष्ट तुला ठाऊक असावी, कारण तू पत्रात लिहिलंयस, ‘सरकारने काही तरी तपासलंच असेल.’ नाही. या देशात टोस्टर किंवा बाळाचा पाळणा सदोष निघाला तर ग्राहक सुरक्षा आयोग तो परत मागवायला लावू शकतो. बंदूक आणि काडतुसं अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, सत्तरच्या दशकातच त्या आयोगाच्या कक्षेबाहेर ठेवली. कॅलिफोर्नियासारखं एखादं राज्य पिस्तूल विक्रीला येण्याआधी खाली टाकून बघण्याची वगैरे चाचणी मागतं. पण देशभर सदोष पिस्तूल मागे घ्यायला लावणारी यंत्रणा नाही. परत मागवायचं की नाही, कधी, आणि कोणत्या शब्दांत, हे मुख्यतः कंपनीच ठरवते, आणि फार तर कोर्टाच्या भीतीने ठरवते. म्हणून पिस्तुलाच्या बाबतीत कंपनी कोण आहे आणि उद्या ती असेल का, हा प्रश्न फ्रीजच्या खरेदीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

आणि आर५१ चं घोडं नेमकं इथेच अडतं. दुसरी आवृत्ती पहिलीपेक्षा खूप बरी आहे, हे मी मानतो. बऱ्याच जणांची नीट चालतात. पण रेमिंग्टनने २०१८ च्या मार्चमध्ये दिवाळखोरी जाहीर केली, त्यातून बाहेर आली, आणि २०२० च्या जुलैमध्ये पुन्हा गेली. त्या वेळी कंपनीचे तुकडे करून विकले गेले: काडतुसांचा धंदा एकाकडे, मार्लिन रायफलींचा धंदा रूगर कंपनीकडे, रायफली-शॉटगनचा भाग तिसऱ्याकडे. आर५१ नव्याने कोणीच बनवत नाही. जुन्या कंपनीने दिलेली हमी नव्या मालकाला आपोआप लागू होत नाही. उद्या एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी ओढून काढणारा आकडा) तुटला, ब्लॉकला चीर गेली, तर पाठवणार कुठे? मॅगझिनही त्याचं त्याचंच, सात गोळ्यांचं, दुसऱ्या कुठल्या पिस्तुलाचं बसत नाही. सुटे भाग जुन्या बाजारातून वेचत बसावे लागतील, आणि ज्या पिस्तुलावर जीव सोपवायचा त्यात कुठल्या तरी मोडीतला भाग बसवायला मी तयार होणार नाही.

तू म्हणशील, नव्या पिस्तुलात सुरुवातीला दोष असतातच. खरंय. ग्लॉकच्या चौथ्या पिढीची रिकॉइल स्प्रिंग २०११ मध्ये बदलून द्यावी लागली. स्प्रिंगफिल्डचं एक्सडी-एस २०१३ मध्ये परत मागवलं गेलं. सिगचं पी३६५ २०१८ मध्ये आलं तेव्हा स्ट्रायकर (काडतुसावर आघात करणारी पिन) तुटल्याच्या आणि चापाच्या स्प्रिंगच्या तक्रारी होत्या, आणि आज ते लाखो लोक बाळगतात. या सगळ्यांत दोष निघाला तेव्हा कंपनी उभी होती, भाग बदलून देत होती, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं ते पिस्तूल बनत राहिलं. वापरणाऱ्यांच्या हातात लाखो गोळ्या झडल्या आणि उरलेसुरले दोषही पुढे येऊन निस्तरले गेले. आर५१ ला ती वर्षंच मिळाली नाहीत. मला खटकतं ते हे. पहिल्या खेपेची चूक मी माफ करेन, पण दुसऱ्या खेपेला मुरायला वेळ मिळाला नाही, त्याचं काय करायचं?

तुझ्यासाठी मला सुचतंय ते स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी. ते मुळात तुझ्यासारख्यांसाठीच बनवलंय. .३८० मधलं २०१८ मध्ये आलं, ९ मिलिमीटरचं २०२० मध्ये. आत घोडा असल्यामुळे स्लाइडची स्प्रिंग हलकी ठेवता आली, मॅगझिन आठ गोळ्यांचं आहे आणि भरायलाही सोपं, कारण बाजूला अंगठ्याने खाली ओढायचं बटण आहे. मागच्या बाजूला ग्रिप सेफ्टी आहे, म्हणजे मूठ दाबल्याशिवाय पिस्तूल उडत नाही, आर५१ सारखीच, तेव्हा तुला ती नवी वाटणार नाही. दिसायला ते पेडरसनच्या रचनेच्या जवळपासही येत नाही, ते मान्य.

त्याचाही डाग लपवत नाही. ९ मिलिमीटरच्या ईझीमध्ये मार्च ते ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या काही पिस्तुलांचे घोडे नीट बनलेले नव्हते. त्यांना चीर जाऊन एका चापावर एकाहून जास्त गोळ्या सुटण्याचा धोका होता. हाही गंभीर दोष, आर५१ च्या दोषाच्या तोडीचा. पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने जाहीर सूचना काढली, कोणत्या काळातली पिस्तुलं तपासायची ते सांगितलं आणि घोडा फुकट बदलून दिला. जुनं घेणार असशील तर सिरियल नंबर कंपनीकडे विचारून घे, तेवढं केलंस की झालं. .३८० चं घेतलंस तर धक्काही कमी, आणि तुझ्या अंगठ्याचा विचार करता मी तेच घेईन.

आता हौसेचं. आर५१ घ्यायचंच ठरलं तर ते कपाटात राहील आणि फक्त रेंजवर येईल, असं आधी वहिनींसमोर कबूल कर. पहिल्या आवृत्तीचं हाताला लावू नकोस, कितीही स्वस्त मिळो. परत न गेलेली अजून कुठे ना कुठे फिरत असणार, म्हणून हंट्सव्हिलचं आहे का ते पैसे देण्याआधी पक्कं कर, खरेदीचा फॉर्म भरल्यावर दुकानदार सहसा परत घेत नाही. मॅगझिन काढून, चेंबर दोनदा बघून, परवानगी घेऊन एक तपासणी कर: स्लाइड थोडीशी मागे धर आणि चाप ओढ. घोडा पडता कामा नये. पडला, तर पिस्तूल काउंटरवर ठेव आणि बाहेर पड. पहिल्या वेळी साध्या दाबाची काडतुसंच वापर, चांगला चष्मा लाव, मॅगझिनमध्ये आधी एक-दोनच गोळ्या भर. उडालेल्या पुंगळ्या उचलून बघ. बूड फुगलेलं किंवा फाटलेलं दिसलं तर तिथेच थांब. साफ करायला खोलशील तेव्हा ब्लॉक परत बसवताना वैताग येईल, त्याची जोडणी खरंच अवघड आहे, माहितीपुस्तिका समोर ठेवूनच कर.

आणि हे सगळं वाचून तुझं मन मॉडेल ५१ कडे वळत असेल, शंभर वर्षांपूर्वीच्या मूळ पिस्तुलाकडे, तर मला फार आनंद होईल. चांगल्या अवस्थेतलं एक शोधायला मी तुझ्याबरोबर हिंडेन. ते कोणी कमरेला लावायचा विचारही करणार नाही, आणि पेडरसनचं काम जसं त्याला हवं होतं तसं पोलादात बघायला मिळेल.

ईझीची दोन्ही कॅलिबर माझ्या ओळखीच्या रेंजवर भाड्याने मिळतात. पुढच्या महिन्यात तुझी रात्रपाळी संपली की शनिवारी ये. दोन्हींची स्लाइड तुझ्या अंगठ्याने ओढून बघ, मग ठरवू. तोवर दुकानदाराला आगाऊ पैसे देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर