सुलू, पुढची गोळी घेण्याआधी

घोडबंदर रोड, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय सुलू,

परवा फोनवर जाता जाता बोलून गेलीस, "परत खाली खाज, नेहमीचंच गं, मेडिकलमधून एक गोळी आणली की झालं." मागे कुकरच्या शिट्ट्या आणि बंटीचा आरडाओरडा, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. पण ते डोक्यातून जात नाहीये. तुझ्या घरी स्पीकर लावल्याशिवाय फोन होत नाही, त्यामुळे लिहितेच. आमच्याकडे सगळे बरे. ह्यांचा गुडघा आहे तसाच.

आईचं ऐक. "सुलूला सांग, बाकी कोणाला नको," असं तिनेच म्हटलंय.

तिने तलावपाळीची फेरी बंद केली होती, मग भजनी मंडळही. विचारलं की "पाय दुखतात". संक्रांतीला चरईला गेले, तर बाई खुर्चीच्या कडेला टेकलेल्या, दर दोन मिनिटांनी चुळबुळ. तिळगूळ घ्यायलाही नीट उठेना. मग कपाटातून साडी काढताना घडीखाली ट्यूबा सापडल्या. रिकाम्या, टूथपेस्ट संपवतात तशा शेपटीकडून गुंडाळत आणलेल्या, एकीचं तोंड अजून चिकट. मेडिकलवाला कागदात गुंडाळून द्यायचा आणि ती गुपचूप आणायची, कित्येक महिने. खाज, आग, लघवीला गेलं की डोळ्यांतून पाणी. आणि मुलीला सांगते पाय दुखतात! सुलू, मला रडूच आलं. चार बाळंतपणं काढलेली बाई, पण ह्या एका जागेचं नाव घ्यायला तिला तोंड नाही.

राम मारुती रोडच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. आई रिक्षात अख्खा रस्ता माझ्याशी बोलली नाही. (तुझी आठवण आली. वाशीला मी तुला ओढत नेलं होतं तेव्हा आठवडाभर अबोला धरला होतास, आणि माझा चहासुद्धा प्यायची नाहीस. स्वतःचा करायचीस, तोही माझ्याच दुधाचा.)

बाईंनी आधी सगळ्या गोळ्यांची पाकिटं मांडायला लावली, मग तपासलं. कातडी लालभडक, घडीत बारीक चिरा. म्हणाल्या, पाळी गेल्यावर यीस्ट (तिथली बुरशी) एरवी कमी होतं. ह्या वयात नुसता कोरडेपणा असू शकतो, कातडीचे वेगळे आजारही असतात आणि खाज सगळ्यांतच येते. म्हणून स्वॅब घेतला, काचेवर पसरून तिथेच दुर्बिणीखाली पाहिला आणि उरलेला कल्चरला, म्हणजे बुरशी वाढवून तिची जात ओळखायला, पाठवला. यीस्ट होतंच. पण कल्चरमध्ये आलं ग्लाब्राटा, नेहमीचं अल्बिकन्स नव्हे. ह्या जातीला ती तुझी फ्लुकोनाझोलची १५० ची गोळी नीट लागू पडत नाही. मेडिकलमध्ये उभं राहून हे कोणाला कळणार होतं?

आणि ती ट्यूब! बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि कडक स्टेरॉईड, तिन्ही एकात. स्टेरॉईडने खाज चार दिवस दबते, माणूस खूश होतो, आणि खाली बुरशी पसरत राहते, कातडी पातळ होते. २०१८ साली सरकारने असल्या कितीतरी स्टेरॉईड मलमांना चिठ्ठी सक्तीची केली, तरी आईला एकदाही कोणी चिठ्ठी मागितली नाही. मला ह्याचा भयंकर राग आहे.

मूळ मात्र तिसरीकडेच निघालं. शुगरची गोळी बदलली होती ना तिची? डापाग्लिफ्लोझिन. ती जादा साखर लघवीवाटे बाहेर काढते. साखर तिथून जाणार म्हटल्यावर बुरशीला आयतंच खाणं. गोळी चांगली आहे, अनेकांना सोसते, पण हा त्रास तिच्या ठरलेल्या दुष्परिणामांतला. आईने शुगरच्या डॉक्टरांना लाजेने सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. दोन्ही डॉक्टर आपसांत बोलले, गोळी बदलली, आणि आत ठेवायचं वेगळं औषध १४ दिवस दिलं. शुगरची जुनी गोळी ग्लिमेपिराईड चालू असताना फ्लुकोनाझोल घेतली तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, हेही तिथेच कळलं. शेजारच्या काकू फ्लुकोनाझोलच तिला "माझ्याकडची घे" म्हणून देत होत्या. पोटात गोळाच आला माझ्या.

आता तुझं. वाशीला काय झालं होतं आठव. सगळ्या खोलीने मिळून यीस्ट ठरवलं, तू गोळी खाल्लीस, घरमालकीणबाईंचं दही झालं (त्यावरून मी भांडले ते अजून बरोबरच होतं), आणि निघालं काय? बॅक्टेरियाचं. औषधच वेगळं. पातळ स्राव आणि माशासारखा वास, ही त्याची खूण. यीस्टचा पांढरा, दह्यासारखा, बहुधा बिनवासाचा. पण नुसत्या खुणांवर भागत नाही. २००२ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला: यीस्टचं औषध स्वतःहून विकत घेणाऱ्या ९५ बायका तपासल्या, तर जेमतेम तिसऱ्या हिश्शाला फक्त यीस्ट होतं. बाकीच्यांना बॅक्टेरियाचं, मिश्र किंवा आणखी काही, आणि काहींना तर काहीच नव्हतं.

तू "नेहमीचंच" म्हणालीस, मला तोच शब्द टोचला. वर्षात तीनदा झालं की डॉक्टर त्याला वारंवार होणारं म्हणतात. कल्चर करतात, शुगर बघतात, आणि उपचार एका गोळीचा राहत नाही, आठवड्याला एक अशी सहा महिने चालू शकते. तुझ्या आईची शुगर आपण दोघींनी पाहिली आहे. तुझी शेवटची कधी तपासलीस?

प्राजूलाही सांग. दिवस गेलेले असताना ही गोळी मनाने अजिबात नको. तेव्हा फक्त आत ठेवायचं औषध देतात, सात दिवस, तेही डॉक्टरांनी सांगितलेलं.

स्लॅबचं काम झालं का? बंटीची दहावी कशी चालली आहे? नव्या साहेबांचं पुढच्या पत्रात सविस्तर लिही, त्यांना नावं ठेवायला मला वेळ आहे.

ह्या आठवड्यात जा. जाण्याआधी मलम, गोळी काही घेऊ नकोस. घेतली असलीस तर नाव लिहून ने, मागची सगळी पाकिटंही ने. लाज वाटली तर हे पत्रच त्यांच्यापुढे ठेव. आईला पुढच्या गुरुवारी परत दाखवायचंय, ती कुरकुरत का होईना येणार आहे. तुझा रिपोर्ट आला की फोटो पाठव, आमच्या बाईंना दाखवते.

तुझी,
वैजू