मिस्त्रीभाऊ, तुमचे आभार मानायचे राहिले

मिस्त्रीभाऊ, सादर नमस्कार.

विहिरीवरची मोटार खाली उतरवायला तुम्ही आला होतात, त्याला पंधरा दिवस झाले. मजुरी घेऊन गेलात, पण माझं मन अजून तिथंच आहे.

आमची पोर आठवीत. 'एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने लावलेले बल म्हणजे दाब' हे वाक्य शिकवणीत तिनं वीसदा लिहिलं. "म्हणजे काय?" विचारलं, तर सगळ्या वर्गासमोर "आधी पाठ कर" म्हणून खाली बसवलं. कापूस विकून फी भरली होती आम्ही! तेव्हापासून तिनं काही विचारणंच सोडलं होतं.

तुम्हाला मात्र विचारलं, "काका, मोटार खाली काहून नेता?" तुम्ही पान्हा बाजूला ठेवलात. म्हणालात, मोटार पाणी ओढत नाही, पाइपातला दाब कमी करते. विहिरीतल्या पाण्यावर बसलेली बाहेरची हवा त्याला वर रेटते. तिचा जोर फार तर ३४ फूट, मोटारीला तेवढंही जमत नाही, म्हणून पाणी खोल गेलं की मोटारही खाली न्यावी लागते. मग तेलाच्या पिप्याला खिळ्यानं छिद्रं पाडून पाणी भरलंत आणि तिलाच बोट लावायला सांगितलंत. खालच्या छिद्राला पाणी बोट जास्त ढकलते, हे तिचं तिला समजलं. सासूबाईंची चुंबळही तुम्ही सोडली नाही: पाण्याचा गुंड तोच, ओझं तेच, पण चुंबळीनं पसरते म्हणून डोक्याला रुतत नाही.

मग पोरीनं हिशेब केला. हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला किलोभर, म्हणजे तळहातावरच अर्धा-पाऊण क्विंटल. "मंग मी चेंगरत काहून नाही?"

"हे मले नाही माहीत, बाई. इचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी काम नव्हतं, तरी भर उन्हात गाडी काढून आलात. पाणीही न घेता दारातूनच म्हणालात, "आंगाच्या आतूनबी तेवढाच दाब बाहेर रेटते, म्हणून."

भाऊ, शिकलेली माणसं पुष्कळ पाहिली. लेकराचा प्रश्न उधारीसारखा लक्षात ठेवून फेडायला येणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. मी चुलीपाशी उभी होते, डोळे भरून आले, म्हणून तेव्हा बोलता आलं नाही.

तो पिपा तिनं कोणाला हात लावू दिलेला नाही. आता कुकरात डाळ लवकर काहून शिजते, हे तुम्हालाच विचारायचं म्हणून थांबली आहे. सवडीनं या. या खेपेला जेवूनच जायचं.

तुमची वहिनी