तोरणमाळला हे फूल आलं कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत तोरणमाळच्या लेखाशेजारी अर्धं पान भरून पिवळ्याधमक फुलाचा फोटो छापला आहे. ते फूल तोरणमाळचं नाही, खानदेशातलंच नाही. त्याखाली ‘दलदलीतला झेंडू, पाल्याची भाजी करतात’ अशी ओळ कुणी आणि कशाच्या आधारावर टाकली?

फोटोतलं फूल मार्श मेरीगोल्डचं आहे, शास्त्रीय नाव काल्था पॅलस्ट्रिस. युरोप-अमेरिकेच्या थंड मुलखात आणि आपल्याकडे हिमालयात, बर्फाचं पाणी झिरपतं अशा ओलीत ते फुलतं. जेमतेम साडेअकराशे मीटरच्या तोरणमाळला ते येणार कुठून? नावात मेरीगोल्ड आलं म्हणून तो झेंडूही होत नाही. झेंडू सूर्यफुलाच्या कुळातला, हे मोरवेलीच्या. आणि मोरवेलीसारखाच याचाही कच्चा रस बाधतो. कातडीवर फोड येतात, पोटात गेला तर तोंड-घसा भाजून निघतो, उलट्या होतात. काही ठिकाणी लोक पाणी बदलून बदलून उकळून तो पाला खातात, पण तुमच्या ओळीत उकळण्याचा शब्दही नाही.

हे सगळं लिहायचं कारण आमच्या घरातलं आहे. काल दुपारी थोरल्या वहिनी शेतातून आल्या त्या पदरात पिवळ्या फुलांची जुडी घेऊनच. ‘भाऊ, हाई भाजी करू का? पेपरमा लिखेल शे.’ चुलीवर पाणी ठेवलेलं होतं. मी जुडी हातात घेतली. फुलाला पाकळ्या चार, पानं लांबट. फोटोतल्या फुलाला पाच, पान गोल. वहिनींनी आणली होती ती पाणलवंग. फुलामागचं बोंड लवंगेसारखं, लालसर, शिरा उठलेलं. नखानं चिरलं तर आत राईहून बारीक बी. लहानपणी पांझरा नदीच्या बंधाऱ्यावर भिजणाऱ्या फडात वडिलांबरोबर पाण्याच्या पाळीला जायचो, तेव्हा चारीच्या दोन्ही काठांनी ही गुडघाभर उभी असायची. आम्ही ती बोंडं लवंगा म्हणून भातुकलीत वापरायचो. घरी कुणी तिची भाजी केल्याचं मला आठवत नाही.

वहिनींनी पाणलवंगच आणली, म्हणून निभावलं. पण छापलेलं खरं मानणारी त्या एकट्याच नाहीत. पावसाळ्यात आमच्याकडे बाया रानभाज्या खुडायला बांधावर जातातच. उद्या कुणी ओळीवर विसंबून ओलीतलं भलतंच पिवळं फूल खुडून आणलं तर?

ओलीतली फुलं छापायचीच तर आपल्याकडे काय कमी आहे? पाणलवंग आहे. तळ्यात गेळ्याची वनस्पती आहे, तिचं पिवळं फूल पाण्यावर डोकं काढतं आणि पाण्याखालच्या बारीक पिशव्या किडे धरतात. तिचा फोटो आपल्या पेपरात मी आजवर पाहिलेला नाही. ती बघायची तर आता घाई करावी लागेल. आमच्या गावाबाहेरच्या तळ्याला सुशोभीकरणात चहूबाजूंनी काँक्रीटची भिंत आणि पेव्हर ब्लॉक बसवले. काठाचा चिखल गेला, दोन पावसाळ्यांत पाणलवंगही गेली. गेल्या वर्षी त्याबद्दल मी आपल्याला पत्र पाठवलं होतं. ते छापलं गेलं नाही, उत्तरही आलं नाही. सुशोभीकरणाच्या उद्घाटनाचा फोटो मात्र चार कॉलम आला होता.

ते असो. आज मागणं एवढंच आहे: दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा, आणि ‘ही भाजी नाही, कच्चा पाला विषारी आहे’ असं स्पष्ट लिहा. आतल्या पानावर दोन ओळींची दिलगिरी नको. ते पान मी वहिनींना वाचून दाखवणार आहे.

आपला,
एक जुना वाचक
ता. साक्री, जि. धुळे