गाडीतला कुबट वास

संपादक साहेब,

पावसाळ्यात गाडीत कुबट वास आला की आपण परफ्युमची बाटली लटकवतो, मीही तेच केलं, मग रोज चिपळूण ते खेड मोगरा आणि ओल्या गोधडीचा मिक्स वास! सर्व्हिस सेंटरवाल्याने नुसता फवारा मारून बिल लावलं. शेवटी स्वतःच मॅट उचललं तर खालचा फोम पिळला की पाणी, एसीचा ड्रेन पाइप तुंबलेला त्यामुळे पाणी बाहेर न जाता आतच. पाइप साफ केला, फोम दोन दिवस पंख्याखाली, केबिन फिल्टर (एसीची हवा गाळणारा) नवा, सीटवर रात्रभर खायचा सोडा आणि सकाळी व्हॅक्यूम. आता पोचायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवतो, म्हणजे एसीची आतली ओली कॉइल (हवा गार करणारी नळी) सुकते. तेवढं छापा जरा.

— एक वाचक, चिपळूण